जाळ्याचा वाटा

सैन्यातून निवृत्त झालेल्या मनुष्याने पुढील आयुष्यात काय करावे, याचा खल आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात फारसा होत नाही. कारण पेन्शनीचा हुकूम हाती पडला की घराची कौले परतावी, दहावीस कलमे लावावी आणि ग्रामपंचायतीला उभे राहावे की राहू नये याचा घोळ घालीत बसावे, हा शिरस्ता इतका रूढ झाला आहे की त्यापलीकडे काही असू शकेल हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. मालवणातील एका घरात मात्र गेल्या गणपतीत या प्रश्नाला अकस्मात धार आली. त्या घरचा नातू सेनेच्या वैद्यकीय दलात अल्पमुदतीच्या सनदेवर गेलेला डॉक्टर. मुदत संपत आली तेव्हा त्याने घरी कळविले की आपण मालवणात डायलिसिसचे एक लहान केंद्र आणि त्याला जोडून तातडीच्या उपचारांचे दहा खाटांचे रुग्णालय काढणार असून, ते धर्मादाय म्हणून नव्हे तर बँकेचे कर्ज घेऊन, रीतसर व्यवसाय म्हणून चालविणार आहोत.

त्याचे वडिलांकडचे आजोबा याच दलातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. आईकडचे आजोबा सरकारी आरोग्य केंद्रांत उभी हयात घालविलेले डॉक्टर. दोघेही ऐंशीच्या घरातले, दोघांचेही नातवावर सारखेच प्रेम, आणि दोघांची मते मात्र परस्परांस छेदणारी. त्यांचा वाद अर्थातच मालवणीत झाला. येथे तो ग्रांथिक मराठीत उतरविताना त्यातील मीठमिरची थोडी उणी झाली असली, तरी मुद्दे जसेच्या तसे ठेविले आहेत.

डॉक्टर — व्याहीबुवा, मुलाच्या बुद्धीविषयी किंवा हेतूविषयी माझ्या मनात तिळमात्र किंतु नाही. माझा आक्षेप मार्गाला आहे. बाजारात आलेला मनुष्य सुरमईचा भाव विचारतो, परवडला नाही तर बांगडा घेऊन घरी जातो. रुग्णाला अशी पाठ फिरविण्याची मुभा नसते. ज्याला 'नको' म्हणता येत नाही त्याच्याशी केलेला सौदा, कागदोपत्री कितीही चोख असला तरी, न्याय्य ठरत नाही. म्हणून हे काम एक तर सरकारने करावे, नाही तर धर्मबुद्धीने कोणी करावे, परंतु नफ्यासाठी कोणी करू नये, असे मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मानत आलो.

सुभेदार — तत्त्व म्हणून आपले म्हणणे मला नाकारता येत नाही. पण डॉक्टरसाहेब, माझ्या छातीत डाव्या बाजूस कातडीखाली जे पेसमेकर बसविले आहे, ते कोणत्या सरकारी खात्याने निर्माण केले नाही आणि कोणत्या धर्मादाय फंडातूनही आले नाही. ते बसवून घरी आलो तेव्हा, ज्याच्या जिवावर आपण जगतो त्याचे मूळ-कूळ तरी ठाऊक असावे म्हणून मी वाचू लागलो, आणि शोध लागला तो माझ्यासारख्याच एका माजी शिपायाचा. अर्ल बाकेन त्याचे नाव. १९२४ साली अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतात जन्मलेला. दुसऱ्या महायुद्धात त्याने तोफ डागली नाही. रडारची यंत्रे दुरुस्त कशी करावी हे तो सैन्यातील जवानांना शिकवीत असे. युद्धानंतर विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९४९ च्या एप्रिलात पामर हर्मंडस्ली नावाच्या सोयऱ्याला भागीदार घेऊन मिनियापोलिस शहरातील एका गॅरेजमध्ये रुग्णालयांची बिघडलेली उपकरणे दुरुस्त करण्याचा धंदा मांडला. पहिल्या महिन्याची कमाई आठ डॉलर!

डॉक्टर — मेडट्रॉनिक म्हणतात ती हीच कंपनी ना?

सुभेदार — हीच. पुढची हकीकत ऐका. १९५७ साली ३१ ऑक्टोबरला त्या शहराची वीज गेली. तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयात वॉल्टन लिलेहाय नावाचे शल्यविशारद मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करीत; त्या मुलांच्या हृदयाचे ठोके भिंतीतील विजेवर चालणाऱ्या मोठ्या पेटाऱ्याच्या आधाराने पडत. वीज गेली आणि एक मूल दगावले. लिलेहाय यांनी बाकेनला विचारले, याला काही उपाय? बाकेनने इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात संगीतातील ताल मोजणाऱ्या यंत्राची ट्रान्झिस्टरवर चालणारी जुळणी पाहिली होती. तीच त्याने हृदयाच्या तालासाठी वापरली, आणि चारेक आठवड्यांत गळ्यात अडकविता येईल एवढे, बॅटरीवर चालणारे यंत्र तयार केले. ते कुत्र्यावर चालवून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात गेला तर ते एका मुलाला लावलेले! सरकारी दप्तरातून याच्या मंजुरीचा कागद फिरला असता तर किती मुले गेली असती, याचा अंदाज सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या आपल्यालाच अधिक.

डॉक्टर — कागद फिरायला वेळ लागतो खरा. पण कुत्र्यानंतर एका दिवसात मुलाला लावलेले यंत्र बिघडले असते, तर आज आपण त्याच बाकेनला अविचारी म्हटले असते, हेही विसरू नका. कागद फिरतो तो कुणाच्या तरी जिवाच्या काळजीनेच फिरतो. ते असो. बाकेन सज्जन होता असे मी गृहीत धरतो. परंतु कंपनी म्हणजे बाकेन नव्हे. याच कंपनीने डिफिब्रिलेटरच्या काही तारांना चिरा जातात असे आढळल्यावर २००७ साली त्यांची विक्री थांबविली, तेव्हा त्या तारा कितीतरी लोकांच्या छातीत अगोदरच जाऊन बसल्या होत्या. आणि २०१५ साली दुसरी एक कंपनी विकत घेऊन तिने आपले कायदेशीर ठाणे आयर्लंडला नेले, ज्यात कराचा हिशेब होता असे जगभर बोलले गेले. गॅरेजमध्ये आठ डॉलरवर आरंभ झाला तेव्हा त्यात हे कोठे होते? आणि आपल्याला माजी सैनिकच हवे असतील तर मीही एक देतो. अमेरिकेच्या हवाईदलात वैद्यकीय अधिकारी राहिलेले टॉमस फ्रिस्ट यांनी १९६८ साली आपल्या डॉक्टर वडिलांसह नॅशव्हिल येथे रुग्णालयांची कंपनी काढली. ती वाढली, १९९४ साली दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली, आणि त्या जोड-कंपनीने सरकारी आरोग्य योजनांना खोटी बिले लावल्याच्या प्रकरणात २००० ते २००३ या काळात सुमारे १.७ अब्ज डॉलर भरले. प्रकरण उघडकीस आल्यावर फ्रिस्ट यांनाच ते निस्तरायला परत यावे लागले, ही गोष्ट त्यांच्या बाजूची. पण संस्थापकाचा गणवेश संस्थेच्या अंगात आपोआप उतरत नाही, एवढे त्यातून निश्चित ठरते.

येथे सुभेदार काही वेळ गप्प राहिले. डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला आणि, प्रतिपक्षाची तटबंदी ढासळली आहे अशा समजुतीने, आपले स्वतःचे दैवत पुढे आणले.

डॉक्टर — सैनिकाने रुग्णसेवा कशी उभारावी याचा नमुना हवा असेल तर तो अमेरिकेत नव्हे, मुंबईत अंधेरीला महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर आहे. मी ग्रँट मेडिकलमध्ये शिकत असताना काही मित्रांसह तेथे गेलो होतो. लेनर्ड चेशायर हा ब्रिटिश हवाईदलाचा ग्रुप कॅप्टन. शंभर मोहिमा करून १९४४ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेला. आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर बॉम्ब पडला तो ब्रिटिश सरकारचा निरीक्षक म्हणून दुरून विमानातून पाहिलेला. एवढा संहार पाहिलेला मनुष्य पुढे काय करतो? १९४८ साली आर्थर डाइक्स नावाचा, पूर्वी हवाईदलात असलेला, कर्करोगाने मरणासन्न झालेला एक गृहस्थ रुग्णालयाला नकोसा झाला, कारण त्याच्यासाठी आता करण्यासारखे काही उरले नव्हते आणि खाट दुसऱ्याला हवी होती. चेशायरने त्याला आपल्या घरी आणले, स्वतः त्याची शुश्रूषा केली, आणि तो त्याच घरात वारला. त्या एका रुग्णापासून, बरे न होणाऱ्या अपंगांसाठीची घरे सुरू झाली. १९५५-५६ च्या सुमारास चेशायर हिंदुस्थानात आला आणि पहिले घर अंधेरीत उभे राहिले. १९५९ साली त्याने मुंबईतच सू रायडर यांच्याशी विवाह केला, त्याही युद्धात काम केलेल्या आणि युद्धग्रस्तांची सेवा करणाऱ्या. १९९२ साली तो वारला तेव्हा पन्नासेक देशांत त्याची अडीचशेवर घरे होती. यात नफा कोठे आहे, ते मला दाखवा.

सुभेदार — नफा नाही, हे मान्य. पण आपण ही कथा मधल्या पानापासून सांगितलीत. पहिले पान मी वाचले आहे. डाइक्स येण्यापूर्वी, १९४६ साली, याच चेशायरने युद्धातून परतलेल्या निराधार सैनिकांसाठी एक वसाहत काढली होती; सर्वांनी एकत्र राहावे, श्रम करावे, सुखाने नांदावे, असा बेत. वर्ष-सव्वा वर्षात ती कर्जात बुडाली आणि मोडली. ज्या ले कोर्ट नावाच्या वाड्यात डाइक्स वारला, तो त्याच मोडलेल्या वसाहतीचा रिकामा वाडा. आता विचार करा: माणूस तोच, अंतःकरण तेच, वाडाही तोच, मग १९४७ साली जे बुडाले ते १९४८ नंतर कशाने तरले?

डॉक्टर — पहिल्या खेपेस त्याच्यापुढे कल्पना होती. दुसऱ्या खेपेस समोर रोगी होता.

सुभेदार — हे अर्धे उत्तर, आणि सुंदर उत्तर. उरलेले अर्धे कमी सुंदर आहे. पहिल्या खेपेस सगळा कारभार एकट्या चेशायरच्या नावावर आणि उत्साहावर चालला होता. तो आजारी पडून विश्रांतीसाठी दूर गेला आणि मागे हिशेबाचा बोजवारा उडाला. दुसऱ्या खेपेस त्याने प्रत्येक घर तेथल्या तेथल्या समितीच्या हवाली केले. पैसा त्यांनी उभा करायचा, कारभार त्यांनी पाहायचा. १९५२ साली त्याला क्षयाने गाठले आणि दोन वर्षांहून अधिक काळ तो सॅनेटोरियममध्ये पडून होता. त्या काळात घरे बंद पडली नाहीत, उलट नवी निघाली. माझ्या मते चेशायरची खरी कामगिरी शंभर मोहिमा ही नव्हे आणि डाइक्सची शुश्रूषा हीही नव्हे. आपण नसताना चालेल अशी तजवीज करून ठेवणे, ही होय. आणि ही विद्या तो धर्मग्रंथातून शिकला नाही. ती पलटणीत शिकवतात.

डॉक्टर — पलटणीत शिस्त शिकवतात, हे ऐकले होते.

सुभेदार — शिस्त हा तिचा दिखाऊ भाग. १९७१ साली मी पूर्व आघाडीवर एका फील्ड अँब्युलन्समध्ये होतो. जखमी शिपायाला त्याच्या तुकडीमागे रेजिमेंटल एड पोस्टवर पट्टी बांधतात, तेथून ड्रेसिंग स्टेशन, तेथून फील्ड अँब्युलन्स, आणि तेथून मागच्या रुग्णालयात. प्रत्येक ठिकाणी त्याच्या कपड्याला लावलेल्या चिठ्ठीवर आधीच्या माणसाने काय केले ते लिहिलेले असते. चिठ्ठी लिहिणारा तासाभराने स्वतःच मेला, तरी जखमी पुढे जातो. नेपोलियनचा सर्जन लारे याने घोड्यांच्या हलक्या गाड्या रणांगणात नेऊन हुद्दा न पाहता जखम पाहून माणसे उचलण्याची पद्धत घातली, तेव्हापासून हा विचार वाढत आला. आणि शांततेच्या काळात बदलीचा हुकूम आला की हँडिंग-टेकिंग: एकेक कात्री, एकेक स्ट्रेचर, यादीवर दोघांच्या सह्या. कमांडंट कितीही थोर असो, त्याच्यावाचून युनिट अडत नाही. बाकेनकडे हीच वृत्ती दिसते. १९६० साली त्याने कंपनीचे ध्येयपत्र लिहिले, त्यात रुग्णाच्या वेदना दूर करणे पहिले आणि रास्त नफा मागाहून. दोनएक वर्षांत कंपनी दिवाळ्याच्या उंबरठ्यावर आली, ती विकायची पाळी आली. बाहेरचे भांडवल आणि बँकेचे कर्ज घेऊन, कारभार आवरून ती तरली, आणि ध्येयपत्र कायम राहिले. ज्यांच्या छातीत आपली यंत्रे आहेत त्यांना वर्षातून एकदा कारखान्यात बोलावून कामगारांपुढे बोलायला लावण्याचा शिरस्ता त्यानेच घातला. म्हातारपणी तो हवाई बेटावर जाऊन राहिला, तर तेथे दूरच्या वस्तीला रुग्णालय नव्हते म्हणून ते उभारण्यात पुढाकार घेतला.

डॉक्टर — तुमचे म्हणणे मी असे समजतो की सेवा आणि धंदा यांतील भेद तितका महत्त्वाचा नाही; तजवीज महत्त्वाची. पण तजवीज सरकारही करते. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, २०२१-२२ च्या वर्षापासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची राष्ट्रीय योजना आहे. मुलाने ओरोसला जाऊन सरकारी नोकरी धरावी. तेथे त्याच्या हातून जितकी गरीब माणसे बरी होतील तितकी त्याच्या दहा खाटांवर होणार नाहीत.

सुभेदार — जावे. त्यात कमीपणा नाही. पण डायलिसिसचा रोगी आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी चारेक तास यंत्राला बांधलेला असतो, आणि हे जन्मभर. देवबागच्या किंवा आचऱ्याच्या मनुष्याने पावसाळ्यात कसालपर्यंतचा घाट-वळणांचा रस्ता धरून ओरोसला जायचे, सोबतीला घरचा एक कमावता हात न्यायचा, आणि परत येताना ग्लानीत यायचे. औषध फुकट असले तरी मजुरी बुडते, तिचा हिशेब कोणत्या योजनेत आहे? गंभीर झाला की गोव्यातील बांबोळीचे सरकारी रुग्णालय. पिढ्यान् पिढ्या आपला जिल्हा गोव्याच्या त्या रुग्णालयाच्या भरवशावर जगला. २०१८ च्या जानेवारीत गोवा सरकारने बाहेरच्यांना शुल्क लावले तेव्हा सगळ्या जिल्ह्याला कळले की दुसऱ्याच्या विहिरीवर आपला हक्क नसतो. आणि आपण ज्या १०८ चे नाव घेता, ती गाडी सरकारी पैशाने पण खासगी कंत्राटदाराकडून चालते. आम्हा माजी सैनिकांची २००३ साली सुरू झालेली अंशदायी आरोग्य योजना पाहा. तीसुद्धा आपल्या दवाखान्यांना पुरे पडत नाही म्हणून खासगी रुग्णालयांशी करार करून उपचार विकत घेते. सरकार स्वतःच गिऱ्हाईक झाले आहे. मग विकणारा आपल्या तालुक्यातला, आपल्या ओळखीचा आणि पलटणीत मुरलेला असला तर काय बिघडले?

डॉक्टर — बिघडेल ते हे, की सरकारी बिल सहा महिने अडकले की त्या विकणाऱ्याला बँकेचा हप्ता आठवेल. हप्ता आठवला की गरज नसलेल्या तपासण्या आठवतील. मी वाईट माणसांविषयी बोलत नाही; चांगल्या माणसांना कर्जाने काय होते ते मी पाहिले आहे. आपल्या दांडीच्या किनाऱ्यावर अनेकांनी मिळून जाळे ओढायची रापण पाहा. मासळी ओढून झाली की वाटे पडतात; दोर ओढणाऱ्यांचे वाटे, आणि होडीचा व जाळ्याचाही वाटा. जाळ्याचा वाटा काढला नाही तर पुढच्या हंगामात फाटके जाळे घेऊन उतरावे लागेल, हे लहान पोरालाही कळते. पण जाळ्याचा मालकच जेव्हा म्हणू लागतो की समुद्र माझा, मासळी माझी आणि दोर ओढणारे माझे नोकर, तेव्हा रापण संपते आणि ट्रॉलर सुरू होतो. मला भीती आहे ती या बदलाची, आणि तो एका दिवसात होत नाही.

सुभेदार — मग आपले भांडण मिटलेच म्हणायचे! मी नफा म्हणतो तो जाळ्याचाच वाटा. यंत्रांचा घसारा, शुद्ध पाण्याचा संच, तंत्रज्ञांचा पगार, रात्रपाळीच्या परिचारिकेची घरी जायची सोय, आणि वाईट महिन्यासाठी थोडी शिल्लक. चेशायरच्या घरांनाही हे पैसे लागत. ते देणगीतून येत. मालवणात देणगी गणपतीला येते, देवळाच्या जीर्णोद्धाराला येते. डायलिसिसच्या पाण्याच्या फिल्टरसाठी दरमहा देणगी देणारा दाता मी अजून पाहिला नाही.

डॉक्टर — भांडण मिटले नाही. मात्र ते आता योग्य जागी आले. माझ्या तीन अटी आहेत. पहिली, जमाखर्च दर तिमाहीला रुग्णालयाच्या दारावर लावायचा, कोणालाही वाचता येईल असा. दुसरी, नातू एकटा मालक नको. गावातील पाच जणांची समिती, तिच्या हाती कागदपत्रे, आणि उद्या तो गेला, आजारी पडला किंवा कंटाळला तर ती संस्था कोणाच्या हाती जाईल हे आज लिहून ठेवायचे. तिसरी, उपचाराचे दर समितीच्या संमतीवाचून वाढवायचे नाहीत.

सुभेदार — पहिल्या दोन अटी मीच घालणार होतो. आपण घातल्या, त्यांना वजन अधिक. तिसरी मला मान्य नाही. पहिल्या तारखेला पगार ज्याने द्यायचा, त्याच्या हातून दर काढून घेतले तर जबाबदारी त्याची आणि अधिकार दुसऱ्याचा, असे होईल. आणि असे युनिट लढाईत टिकत नाही. समितीने हिशेब तपासावा, जाब विचारावा, पण भाव ठरवू नये.

डॉक्टर — ज्या समितीला नाही म्हणता येत नाही, तिचे सभासद केवळ सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला बोलाविलेले पाहुणे होत. फ्रिस्टच्या कंपनीलाही संचालक मंडळ होते.

सुभेदार — आणि चेशायरच्या पहिल्या वसाहतीत नाही म्हणणारे पुष्कळ होते. भाड्याची जबाबदारी घेणारा एकही नव्हता.

दोघे येथे थांबले, आणि नातवाला लिहावयाच्या पत्रात पहिल्या दोन अटी एकमताने व तिसरी दोन्ही मतांसह घालावी असे ठरले. मला विचाराल तर, सुभेदारांचा मुख्य सिद्धांत मला खरा वाटतो: सैनिक रुग्णसेवेला जे देऊ शकतो ते शौर्य नव्हे आणि त्याग तर नव्हेच, कारण हे दोन्ही गुण डॉक्टरांसारख्या, गणवेश न घातलेल्या माणसांनी आरोग्य केंद्रांच्या गळक्या छपरांखाली मुबलक दाखविले आहेत; तो देऊ शकतो ती आपल्यानंतरची व्यवस्था आज कागदावर उतरवून तिच्यावर दुसऱ्याची सही घेण्याची सवय. परंतु दराच्या प्रश्नावर मी डॉक्टरांच्या बाजूचा आहे. ज्या रुग्णाला पाठ फिरवून दुसऱ्या दुकानी जाता येत नाही, त्याच्या वतीने 'नाही' म्हणण्याचा अधिकार कोणाकडे तरी असलाच पाहिजे. आणि तो अधिकार मालकाच्या सद्सद्विवेकबुद्धीकडे सोपविणे म्हणजे, मालक आपलाच नातू असला तरी, सर्व जोखीम एकाच माणसाच्या चांगुलपणावर टाकणे होय. सुभेदारांनी चेशायरच्या पहिल्या वसाहतीत जो दोष दाखविला, तो नेमका हाच होता. त्यांच्याच युक्तिवादाने तिसऱ्या अटीवरील त्यांची हरकत पडते, असे माझे मत आहे. ते त्यांना कळविले असता त्यांनी 'समितीत आपण बसा, मग पाहू' असे उत्तर दिले, आणि मी होकार कळविला आहे.